मर्सिडीज २२० एसची रस्त्यावरची चाचणी : कोणता भाग कुठे आणि कसा तपासावा?

कुळागर (धागाकर्ता)

आमच्या घरी १९५८ सालची मर्सिडीज-बेंझ २२० एस आहे. सहा सिलिंडरांचे २१९५ घनसेंटिमीटरचे इंजिन, दोन सोलेक्स कार्बोरेटर, स्टिअरिंगखालचा गिअरदांडा, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि त्यांच्या मदतीला व्हॅक्यूम सर्व्हो (पेडलवरचा पायाचा जोर वाढवणारे यंत्र), अशी तिची मूळ मांडणी जशीच्या तशी आहे. पोर्तुगीज अमदानीतही गोव्यात वाहतूक डाव्या बाजूनेच चालत असल्यामुळे स्टिअरिंगही उजव्या हाताचेच आहे. इंजिन पूर्ण उघडून बांधले आहे. व्हील सिलिंडर (चाकापाशी ब्रेक दाबणारे), मास्टर सिलिंडर (पेडलच्या दाबाने ब्रेक ऑइल पुढे ढकलणारा) आणि पुढचे ब्रेक होज (ते ऑइल चाकापर्यंत नेणाऱ्या रबरी नळ्या) बदलले आहेत. डिफरन्शियल (मागच्या चाकांना फिरवणारी गिअरपेटी) मात्र उघडलेले नाही, त्याचे फक्त तेल बदलले आहे.

पाऊस संपल्यावर गाडी फोंडा परिसरात चालवून पाहिली, तेव्हा तीन गोष्टी ध्यानात आल्या. थंड असताना ब्रेक सरळ लागतात, पण काही अंतर गेल्यावर गाडी डावीकडे ओढू लागते. ताशी साठ किलोमीटरच्या आसपास मागच्या बाजूने घुमल्यासारखा आवाज येतो. दुपारच्या उन्हात गाडी बंद करून थोड्या वेळाने पुन्हा सुरू केली, की ती शे-दीडशे मीटर जाऊन बंद पडते. आमच्या मेस्ताचे (मेकॅनिकचे) म्हणणे असे, की गाडी चालवत राहा, सगळे भाग आपोआप बसतील. मला ते पटत नाही. प्रत्येक भागाची चाचणी कोणत्या क्रमाने घ्यावी आणि गोव्यातला कोणता रस्ता कशासाठी निवडावा, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

खाजन

आपल्याला ते पटले नाही, हे उत्तम झाले. नव्याने बांधलेल्या इंजिनाच्या पिस्टन रिंगा चालवून बसतात, हे खरे आहे. पण ब्रेक, बेअरिंग आणि इग्निशन यांपैकी काहीही चालवून सुधारत नाही, उलट बिघडतच जाते.

माझ्या मते चाचणीचा क्रम ठरवताना एकच कसोटी लावावी, आणि ती म्हणजे जो भाग निकामी झाल्यास गाडी थांबवता येणार नाही, तो पहिला. म्हणून आधी ब्रेक, मग स्टिअरिंग व पुढची चाके, त्यानंतर इंजिनाचे तापमान व ऑइल प्रेशर, आणि सर्वांत शेवटी क्लच, गिअरबॉक्स व मागचा अॅक्सल. एका फेरीत एकाच भागाकडे लक्ष द्यावे आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये एकच बदल करावा. कार्बोरेटर, इग्निशनचे पॉइंट आणि टायरमधली हवा एकाच दिवशी बदलली, तर गाडी सुधारली तरी का सुधारली ते कळत नाही.

गाडी फाटकाबाहेर काढण्यापूर्वी दोन चाचण्या जागेवरच होतात. इंजिन बंद ठेवून ब्रेकचे पेडल चार-पाच वेळा दाबावे, म्हणजे सर्व्होत साठलेला व्हॅक्यूम संपतो. मग पेडल दाबून धरून इंजिन सुरू करावे. पाय किंचित खाली गेला, तर सर्व्हो काम करतो आहे. यानंतर इंजिन चालू असतानाच पेडलवर मध्यम दाब कायम ठेवून अर्धा मिनिट थांबावे. पेडल हळूहळू तळाकडे सरकत असेल आणि बाहेर कुठेही गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतले रबर दाब धरत नाही असे समजावे, आणि मग रस्त्याचा विषयच संपतो.

मास्टर सिलिंडरच्या दांडीला साधारण एक मिलिमीटरचा मोकळा प्ले आहे ना, तेही पाहून घ्यावे. तो नसेल तर गरम होऊन फुगलेल्या ब्रेक ऑइलला टाकीकडे परतायची वाट मिळत नाही आणि चारही चाके हळूहळू धरू लागतात. आपल्याकडे गाडी एकाच बाजूला ओढते आहे, म्हणजे कारण बहुधा निराळे असावे. तरीही ही शक्यता आधी बाजूला सारलेली बरी.

दोनापावल

दोन व्यावहारिक गोष्टी सांगतो. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या आणि व्यापारी वापरात नसलेल्या गाड्यांना तेव्हापासून व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू लागली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये शुल्क आहे, आणि नोंदणी दहा वर्षे चालते. अशी नोंदणी घेतली की गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. चाचणीची फेरी देखभालीत मोडते, असे माझे मत. मात्र गाडीची जुनी नोंदणी चालू असेल, तर चाचणीच्या काळात ती बदलायची घाई करू नये.

दुसरी गोष्ट पणजीतल्या मांडवीवरच्या अटल सेतूविषयी. मोकळा आणि गुळगुळीत दिसतो म्हणून काही जण चाचणीसाठी तोच सुचवतील. जी गाडी गरम झाल्यावर बंद पडते हे आधीच माहीत आहे, ती जिथे थांबायला जागा नाही अशा उंच पुलावर नेणे शहाणपणाचे नाही.

पेडण्याचा मेस्त

ब्रेकविषयी मी लिहितो, कारण तोच प्रश्न सर्वांत तातडीचा आहे.

‘डावीकडे ओढते’ एवढ्या वर्णनावर निदान करता येत नाही. पेडल दाबताक्षणी ओढते, दाबून धरल्यावर ओढते, की पाय काढल्यानंतरही ओढत राहते, या तिन्हींची कारणे वेगळी आहेत. दाबताक्षणी डावीकडे ओढत असेल, तर उजवा ब्रेक कमी लागतो आहे. उजव्या लायनरला (ड्रमला घासणाऱ्या अस्तराला) ग्रीस किंवा ब्रेक ऑइल लागलेले असू शकते, किंवा तिथला एखादा पिस्टन अडकलेला असू शकतो. पाय काढल्यावरही ओढत असेल, तर डावा ब्रेक सुटत नाही.

हे ओळखण्यासाठी सकाळी लवकर, रस्त्यावर पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलीखेरीज फारसे कोणी नसते अशा वेळी, सपाट आणि सरळ रस्ता निवडावा. रायबंदरचा पोंत द लिन्हारिस हा जुना बांधवजा पूल सपाट आहे खरा, पण अरुंद आहे आणि दोन्ही बाजूंना पाणी व मिठागरे आहेत. ब्रेकच्या चाचणीसाठी तो वर्ज्य समजावा. कदंब पठारावरचा रुंद रस्ता बरा. मागे वाहन नाही याची खात्री करून ताशी चाळीसच्या वेगावरून हलका ब्रेक लावावा. स्टिअरिंगवर हात टेकलेले असावेत, पण त्यांनी ते आवळून धरू नये, कारण माणूस नकळत गाडी सरळ करतो आणि दोष हातांतच झाकला जातो. प्रत्येक वेळी ब्रेक आधीपेक्षा थोडा जोरात लावावा.

त्यानंतरची फेरी शक्यतो ब्रेक न वापरता करावी. काही किलोमीटर गाडी चालवून, शेवटी इंजिनाच्या ब्रेकवर (गिअर तसाच ठेवून, अॅक्सिलरेटर सोडून) वेग उतरवून थांबावे आणि चारही ड्रमांचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्यावे. करोनाच्या काळात घरोघरी आलेले कपाळावर धरायचे यंत्र इथे चालणार नाही. कारखान्यात वापरतात तसे जास्त तापमान मोजणारे हवे. ब्रेक वापरलाच नसेल तर ड्रम कोमट असावेत आणि उजव्या-डाव्यात फारसा फरक नसावा. एकच ड्रम तापलेला असेल, तर तो ब्रेक धरून राहिला आहे. थर्मामीटर नसेल तर हाताचा पंजा ड्रमच्या जवळ नेऊन पाहावा. थेट स्पर्श करू नये.

कुळागर

सविस्तर मार्गदर्शनाबद्दल सर्वांचे आभार. जागेवरच्या चाचण्यांत सर्व्हो आणि मास्टर सिलिंडर दोन्ही ठीक निघाले. दांडीला प्लेही आहे. ब्रेक न वापरता केलेल्या फेरीनंतर पुढचा उजवा ड्रम ४६ अंश आणि पुढचा डावा ९३ अंश सेल्सिअस होता. मागचे दोन्ही जवळपास सारखे होते.

मेस्तांनी सांगितल्याप्रमाणे हात सैल ठेवून पाहिले, तेव्हा एक गोष्ट नव्याने जाणवली. पेडल दाबताक्षणी गाडी अगदी किंचित उजवीकडे जाते आणि पाय काढल्यानंतर डावीकडे ओढत राहते. हे उलटसुलट कसे, ते समजले नाही.

पेडण्याचा मेस्त

हे उलटसुलट नाही, हीच तर खूण आहे. डाव्या बाजूच्या रबरी होजची आतली भिंत फुगली किंवा तिचा पापुद्रा सुटला, की ऑइलची वाट अरुंद होते. दाब चाकापर्यंत उशिरा पोहोचतो, म्हणून आधी उजवा ब्रेक लागतो. पाय काढल्यावर पेडलचा जोर नसतो, परतीचा सारा भार शूंच्या (ड्रमला आतून दाबणाऱ्या पट्ट्यांच्या) स्प्रिंगवर असतो, आणि तो पापुद्रा एखाद्या झडपेसारखा ऑइलला मागे येऊ देत नाही. त्यामुळे डावा ब्रेक धरून राहतो, तापतो, आणि तापल्याने अधिकच धरतो.

खात्री करणे सोपे आहे. डाव्या ड्रमने धरलेले असतानाच पुढची बाजू जॅकवर उचलून, खाली आधाराचे स्टँड लावून चाक हाताने फिरवावे. ते जड फिरत असेल, तर होज जिथे चासीवरच्या धातूच्या पाइपाला जोडलेला आहे तिथला जोड किंचित सैल करावा. चाक लगेच मोकळे झाले, तर दाब मागे, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या बाजूला अडलेला आहे. चाक तसेच जड राहिले आणि नंतर चाकाजवळचे ब्लीडर निप्पल (ऑइल बाहेर सोडायचे तोंड) उघडताच ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर दोष त्या दोहोंच्या मध्ये, म्हणजे होजमध्येच आहे. निप्पल उघडूनही चाक सुटले नाही, तर शू, स्प्रिंग किंवा पिस्टन यांत काहीतरी अडकले आहे, आणि तेव्हा ड्रम काढावाच लागेल.

होज नवीन घातला आहे असे आपण लिहिले आहे. तो कोणत्या सालचा आहे, हे कृपया पाहावे. या गाड्यांचे कितीतरी रबरी भाग ‘नवे कोरे, मूळ डब्यातले’ म्हणून विकले जातात आणि ते त्या डब्यात कित्येक वर्षे पडून असतात. गोव्याच्या दमट हवेत रबर बाहेरून चकचकीत राहूनही आतून संपलेले असू शकते. होज बदलताना दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत.

खाजन

होज बदलले की ब्रेक ऑइलही सगळे बदलावे. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश असतो. ओलावा शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरला तरी त्या दर्जात बसतो. हे ऑइल हवेतले पाणी ओढून घेते आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत पाण्याची काही कमतरता नसते. घाटात ड्रमची उष्णता व्हील सिलिंडरपर्यंत पोहोचली, की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल पोकळ लागते. उघडून ठेवलेला अर्धा डबा पुढच्या वर्षी वापरू नये, ही सवय जुन्या गाडीवाल्यांनी अंगी बाणवलीच पाहिजे.

सत्तरीकर

मागच्या आवाजाविषयी लिहितो. ब्रेकचे काम पूर्ण झाल्याशिवाय मात्र ही चाचणी घेऊ नये.

हा आवाज टायर, चाकाचे बेअरिंग, गिअरबॉक्स किंवा क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधले मुख्य दोन गिअर) यांपैकी कशाचाही असू शकतो, आणि चौघांनाही वेगळे ओळखण्याची रीत आहे. ताशी साठचा वेग चौथ्या गिअरमध्ये धरून आवाज ऐकावा आणि मग तोच वेग तिसऱ्या गिअरमध्ये धरावा. इंजिनाचे फेरे वाढूनही आवाजाचा सूर तोच राहिला, तर तो इंजिनाचा नाही आणि बहुधा गिअरबॉक्सचाही नाही. तो चाकांच्या वेगाशी बांधलेला आहे. डांबरावरून काँक्रीटवर गेल्यावर आवाज बदलला, तर टायर. रुंद आणि रिकाम्या रस्त्यावर हलकेच डावीकडे वळवल्यावर उजव्या बाजूवर भार येतो. तेव्हा आवाज वाढून उजवीकडे वळवल्यावर कमी झाला, तर उजव्या चाकाच्या बेअरिंगचा संशय घ्यावा. यांपैकी काहीच लागू पडले नाही, तर अॅक्सिलरेटरकडे लक्ष द्यावे. पाय दाबल्यावर, सोडल्यावर आणि वेग जेमतेम टिकेल एवढाच ठेवल्यावर, अशा तिन्ही स्थिती स्वतंत्र ऐकाव्यात. क्राउन-पिनियनच्या दातांची एक बाजू गाडी ओढताना काम करते आणि दुसरी इंजिनाच्या ब्रेकवर असताना. त्यामुळे झीज कोणत्या बाजूला आहे ते आवाजावरून कळते.

स्पीडोमीटरचा काटा या वयात खरे बोलेलच असे नाही. शेजारी बसलेल्या माणसाने मोबाइलवरच्या जीपीएसचा वेग वाचून सांगावा. नोंदीही त्यानेच कराव्यात.

या गाडीच्या मागच्या अॅक्सलविषयी एक इशारा मला आवश्यक वाटतो. २२० एसला एकाच खालच्या सांध्यावर झुलणारा स्विंग अॅक्सल आहे. वळणात शिरल्यावर घाबरून एकदम अॅक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेक दाबला, तर गाडीची मागची बाजू उचलली जाते, मागची चाके आत दुमडल्यासारखी होतात आणि पकड कमी होते. आजच्या गाड्या चालवणाऱ्याला ही सवय नसते. वेग वळणाआधी कमी करावा आणि वळणात पाय स्थिर ठेवावा. मागच्या टायरांतील हवा मालकाच्या पुस्तिकेत दिली आहे तेवढीच ठेवावी. ‘सगळ्यांत सारखी भर’ असे पंपावर सांगू नये.

जुवारी

गरम झाल्यावर बंद पडण्याचे कारण उघड आहे. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते लवकर उकळते आणि इंधनाच्या नळीत वाफ अडकते. इलेक्ट्रिक फ्युएल पंप बसवावा, म्हणजे प्रश्न मिटेल.

खाजन

जुवारी यांचा तर्क शक्य कोटीतला आहे, पण चाचणी होण्याआधी उपाय सुचवणे मला मान्य नाही. इथेनॉलचा उत्कलनबिंदू ७८ अंश आहे, आणि बंद केलेल्या इंजिनाची उष्णता वर चढून पंप व कार्बोरेटर तापवते, हे दोन्ही खरे. परंतु गरम झाल्यावर दगा देणारी कॉइल किंवा कंडेन्सर हे ठिणगी पाडणारे भागही नेमकी हीच लक्षणे दाखवतात. गाडी बंद पडल्यावर पहिल्या दोन मिनिटांत काय पाहिले, त्यावर सारे निदान अवलंबून असते. बॉनेट उघडून चहा पिऊन येईपर्यंत पुरावा थंड होतो.

गाडी बंद पडताच बाजूला घ्यावी आणि कार्बोरेटरच्या तोंडावरचा फिल्टर काढून आत पाहत अॅक्सिलरेटरचा दांडा हाताने फिरवावा. पेट्रोलची बारीक, अखंड धार आत पडली, तर तिथपर्यंत इंधन पोहोचले आहे. धार पडली नाही किंवा फसफसत पडली, तर वाफेचा संशय बळावतो. त्यानंतर ठिणगी पाहावी, पण ती पेट्रोलच्या वासापासून दूर आणि फिल्टर पुन्हा बसवल्यावरच. सुटा स्पार्क प्लग वायरीला लावून त्याची बाजू इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवावी आणि दुसऱ्याने स्टार्टर फिरवावा. निळी, टचटच वाजणारी ठिणगी ठीक. पिवळट आणि अशक्त असेल, तर कंडेन्सर आणि कॉइल एकेक करून बदलून पाहावेत.

अशा फेरीत ऑइल प्रेशरही पाहून ठेवावे. इंजिन पूर्ण गरम असताना आयडलवर ते अर्ध्या बारपर्यंत उतरले तरी घाबरू नये, पण अॅक्सिलरेटर दिल्यावर काटा लगेच वर चढला पाहिजे. तो रेंगाळत असेल, तर नव्या इंजिनाविषयी बांधणाऱ्याला प्रश्न विचारायची वेळ आली.

कुळागर

ब्रेकचा प्रश्न सुटला आहे. चासीजवळचा जोड सैल केल्यावर चाक जडच राहिले आणि निप्पल उघडताच ऑइल उडून ते मोकळे झाले. काढलेला होज उभा चिरून पाहिला, तर आतल्या रबराची एक जीभ सुटून भोकात आडवी आली होती. बाहेरून त्यावर एक ओरखडाही नव्हता. दोन्ही होज आणि सगळे ब्रेक ऑइल बदलले. आता पुढच्या दोन्ही ड्रमांत चार-पाच अंशांचाच फरक राहतो.

गरम झाल्यावर बंद पडण्याची चाचणी म्हार्दोळहून फर्मागुडीचा चढ चढून, वर थोडा वेळ गाडी बंद ठेवून घेतली. गाडी ठरल्याप्रमाणे बंद पडली. पेट्रोलची धार अखंड होती आणि ठिणगी पिवळट. कंडेन्सर बदलल्यावर त्याच चढावर, त्याच उन्हात गाडी बंद पडली नाही. म्हणजे या खेपेला तरी इथेनॉलवर उगाच आळ आला होता.

आवाज मात्र कायम आहे. तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये सूर तोच राहतो, रस्ता बदलला तरी बदलत नाही, वळवल्यानेही नाही. पाय सोडल्यावर तो स्पष्ट ऐकू येतो आणि दाबल्यावर जवळजवळ नाहीसा होतो.

सत्तरीकर

मग तो डिफरन्शियलमधलाच आहे. पाय सोडल्यावर येणारा आवाज दातांच्या मागच्या बाजूच्या झिजेमुळे किंवा पिनियनचे बेअरिंग सैल झाल्यामुळे येतो. तेल काढून त्यात काय आहे ते आधी पाहावे. ड्रेन प्लगवर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर असेल, तर ती वयोमानाची झीज आहे; हायपॉइड गिअरचे योग्य तेल भरून आवाजावर लक्ष ठेवले तरी चालेल. बोटांना टोचणारे कण किंवा चपटे तुकडे सापडले, तर गाडी तिथेच थांबवावी. नुसता आवाज घालवण्यासाठी पिनियनच्या जुळणीला हात लावायला मी सांगणार नाही, कारण वर्षानुवर्षे एकमेकांशी घासून जुळलेले दात हलवले की शांत डिफरन्शियलही बोलू लागते.

कुळागर

प्लगवर मऊ थरच निघाला, तुकडे नाहीत. शेवटची शंका विचारतो. अशा स्थितीत चोर्ला घाट चढून उतरण्याची चाचणी या हिवाळ्यात घ्यावी का?

सत्तरीकर

चढायला हरकत नाही. उतरण्याविषयी मी थोडा सावध आहे. आधी फर्मागुडीहून फोंड्याकडे उतरताना, ब्रेक मुद्दाम नेहमीपेक्षा जास्त वापरून, खाली पोहोचताच चारही ड्रमांचे तापमान घ्यावे आणि पेडलची उंची पूर्वीइतकीच आहे का ते पाहावे. दोन्ही समाधानकारक असतील, तर साखळीहून केरीमार्गे सकाळी लवकर निघावे, थोडा चढ चढून परत फिरावे आणि ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरावे. संपूर्ण घाट त्याच्या पुढच्या फेरीत. सोबत दुसरी गाडी, पाण्याचा कॅन, जुनी पण चालणारी कॉइल आणि एक जादा कंडेन्सर असावा. केरीच्या पुढे फोनला रेंज मिळेल, या भरवशावर राहू नये.

पेडण्याचा मेस्त

आणि निघण्याआधी किंगपिनला (पुढचे चाक ज्यावर वळते त्या खिळीला) ग्रीस मारून घ्यावे. पुढची चाके जॅकवर घेऊन मारावे, म्हणजे ते वरच्या बाजूलाही पोहोचते.